अर्धी ओस्ती

आमच्या चर्चच्या मागं सिस्टरांचं कॉन्व्हेंट होतं आणि कॉन्व्हेंटच्या मागच्या पडवीत शनिवारी सकाळी ओस्त्या भाजल्या जायच्या. तो वास मला अजून येतो. गव्हाचं पीठ गरम लोखंडावर पडलं की जो थोडा करपट, थोडा गोडूस वास सुटतो, तो. आमचा वसईचा पट्टा भाताचा. सकाळी तांदळाची भाकर, दुपारी भात, रात्री पुन्हा भात. गहू यायचा तो रेशनवरचा, तोही अधूनमधून. त्यामुळं गव्हाचा वास म्हणजे आम्हा पोरांना सणाचा वास वाटायचा.

ओस्ती म्हणजे काय, हे ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला सांगायला हवं. मिस्सेच्या वेळी फादर वेदीवर जी पातळ, पांढरी, रुपयाएवढी गोल भाकर हातात घेतात आणि नंतर श्रद्धावंतांना देतात, ती ओस्ती. पुस्तकी मराठीत ख्रिस्तप्रसाद म्हणतात, ख्रिस्तशरीर संस्कार म्हणतात. आमच्या घरात ओस्तीच म्हणायचे. पोर्तुगीज वसईत आले १५३४ साली आणि गेले १७३९ साली, पण जाताना काही शब्द आमच्या तोंडात ठेवून गेले. त्यातला हा एक.

आमच्या घरचं दूध कॉन्व्हेंटला जायचं. शनिवारी शाळा लवकर सुटायची, म्हणून किटली पोचवायचं काम माझ्याकडं. पडवीत एक म्हाताऱ्या सिस्टर चुलीपाशी बसलेल्या असायच्या. त्यांच्या हातात लांब दांड्याचा, चिमट्यासारखा लोखंडी साचा. आतल्या बाजूला क्रूस कोरलेला. त्यात पळीभर पातळ पीठ ओतायचं, साचा मिटायचा, निखाऱ्यावर धरायचा. पीठ म्हणजे नुसता गहू आणि पाणी. मीठ नाही, खमीर नाही, तेलाचा थेंब नाही. साचा उघडला की पापडासारखा पांढरा पत्रा निघायचा. तो थोडा सादळू द्यायचा, नाहीतर कापताना फुटतो. मग गोल पात्याच्या ठशानं त्यातून ओस्त्या पाडायच्या. गोल तुकडे एका डब्यात, उरलेली कातरण दुसऱ्या डब्यात.

ती कातरण आमची. सिस्टर मूठभर कातरण माझ्या खिशात घालायच्या आणि म्हणायच्या, "रस्त्यात सांडू नको." मी चर्चच्या भिंतीला टेकून ती सगळी खायचो. तोंडात टाकली की टाळूला चिकटायची, मग हळूहळू विरघळायची. चव म्हणाल तर काहीच नाही. पण त्या काहीच नसण्याची मला गोडी लागली होती. सिस्टर पाणी आणायला आत गेल्या की मी डब्यात हात घालून आणखी एक मूठ घ्यायचो.

१९६३ च्या मे महिन्यात माझं पहिलं कम्युनियन होतं. मी आठ वर्षांचा. दहाव्या पोप पायस यांनी १९१० साली ठरवून दिलं तेव्हापासून सात-आठ वर्षांच्या, समज आलेल्या पोराला ख्रिस्तप्रसाद देतात. त्याआधी पोरं बरीच मोठी होईपर्यंत थांबायची. समज म्हणजे किती? तर ही साधी भाकर नव्हे, एवढं कळलं की पुरे.

एवढं कळवण्यासाठी महिनाभर धर्मशिक्षणाच्या बाईंनी आम्हाला चर्चच्या आवारातल्या आंब्याखाली बसवलं. प्रश्न त्या विचारायच्या, उत्तर आम्ही एका सुरात द्यायचो. ओस्ती दातानं चावायची नाही. हात लावायचा नाही. जीभ पुढं काढायची, पण फार नाही. घेतल्यावर इकडंतिकडं बघायचं नाही. तीन तास आधीपासून काही खायचं नाही. मी एकदा विचारलं, "बाई, तांदळाची का नाय करत? आपण तर तांदूळ खातो." बाई म्हणाल्या, "प्रभूनं शेवटच्या भोजनाच्या रात्री गव्हाचीच भाकर हातात घेतली होती. त्यानं जे घेतलं तेच आपण घ्यायचं." मला ते पटलं. आमच्यातही एखादी गोष्ट आज्यानं जशी केली तशीच करतात.

कम्युनियनच्या आदल्या दिवशी पहिलं पापनिवेदन. जाळीपलीकडं फादरांचा कान दिसत होता. मी धाकट्या बहिणीला मारल्याचं सांगितलं, खोटं बोलल्याचं सांगितलं आणि मग कातरण चोरल्याचं सांगितलं. जाळीपलीकडं थोडा वेळ शांतता. मग फादर म्हणाले, "उद्या न चोरता मिळेल."

दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा, पांढरी चड्डी, हातात मेणबत्ती. मिस्सा तेव्हा लॅटिनमध्ये. वेदीपुढच्या कठड्याशी आम्ही ओळीनं गुडघे टेकले. फादर एकेकापाशी येत होते. वेदीसेवक पोरगा प्रत्येकाच्या हनुवटीखाली पितळी तबक धरत होता, चुकून कण पडला तर तो तबकात पडावा म्हणून. माझी पाळी आली. मी डोळे मिटले, जीभ काढली. ओस्ती टाळूला चिकटली आणि माझ्या पोटात धस्स झालं. चव तीच होती. कातरणीची.

मी काय अपेक्षा केली होती देव जाणे. मधासारखी असेल, निदान वेगळी असेल. बाई म्हणाल्या होत्या, प्रभू स्वतः येतो. मग तो आल्याचं जिभेला कसं कळलं नाही? बाकी पोरं शहाण्यासारखी डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, मी चोरून खाल्लं म्हणून माझ्यापाशी तो आला नाही.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं फक्त आजीला, रात्री, पडवीत. आजी बोलायची ती आमची कादोडी. ती जशीच्या तशी इथं उतरवली तर वसईबाहेरचा वाचक अडखळेल, म्हणून थोडी सोपी करून लिहितो.

आजी लाल लुगड्यातली कुपारी बाई. अक्षरओळख नाही. प्रसाद घ्यायचा असेल त्या दिवशी ती जुन्या पद्धतीनं मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंब घ्यायची नाही. पोपसाहेबांनी उपास कमी केला हे तिला सांगून झालं होतं. ती म्हणायची, "त्यांनी कमी केला तो अशक्तांसाठी. मी काय अशक्त हाय?" आणि पहाटे वाडीतल्या फुलांची टोपली डोक्यावर घेऊन, उपाशीपोटी चर्चची वाट धरायची.

तिनं माझं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डिकरा, आपण वाडीत राजेळी केळी सोलून सुकेळी करतो की नाय?"

"करतो."

"माझ्या माहेरूनपण सुकेळी येते. माझा भाऊ पाठवतो. चवीला कुठली चांगली?"

मी विचार केला. दोन्ही राजेळीची. दोन्ही उन्हात वाळवलेली, दोन्ही केळीच्या सोपटात बांधलेली. "एकच लागते."

"मग आपली डब्यात पडून असते आणि माहेरची आली की मी पदराला डोळे पुसते, ते का?"

मला उत्तर आलं नाही.

"अरे, त्या पुड्यातनं केळं येत नाय. माझा भाऊ येतो." थोडं थांबून ती म्हणाली, "जिभेला केळंच लागणार. जिभेला भाऊ कसा कळेल?"

एवढ्यावर मी झोपलो. माझं समाधान झालं होतं.

पुढं वय वाढलं तशी समज वाढली, निदान शब्द वाढले. विशीत असताना आमच्या धर्मग्रामात तरुणांसाठी संध्याकाळचे वर्ग असायचे. तिथं एका फादरांनी समजावलं की वस्तूचं दिसणं वेगळं आणि वस्तूचं असणं वेगळं. रंग, आकार, वास, चव हे दिसणं. वेदीवर फादर प्रभूचे शब्द उच्चारतात तेव्हा दिसणं तसंच राहतं आणि असणं पालटतं. भाकरीचं भाकरपण जातं, तिथं ख्रिस्त असतो. १२१५ च्या लॅटरन परिषदेनं या पालटाला नाव दिलं, थॉमस अक्वायनस यांनी त्याची मांडणी केली, १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेनं ते पुन्हा ठामपणे सांगितलं. मी वहीत सगळं लिहून घेतलं.

घरी येताना आजीची सुकेळी आठवली. वाटलं, हिनं हेच सांगितलं होतं. मग लक्षात आलं, पुरतं हेच नाही. सुकेळीत भाऊ येतो असं आपण म्हणतो, पण भाऊ तिकडंच असतो. इकडं येते ती त्याची आठवण. चर्च म्हणते, इथं आठवण येत नाही, तो स्वतः येतो. दाखला तिथं तोकडा पडतो. आजी तेव्हा हयात होती. तिला मी हे ऐटीत ऐकवलं. ती म्हणाली, "मग बरंच हाय की. माझा भाऊ येऊ शकत नाय म्हणून सुकेळी पाठवतो. देवाला कोण अडवणार?"

मला वडिलांची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईला आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली होती. ख्रिस्तप्रसादाच्या सन्मानासाठी जगभरातले कॅथोलिक जमले होते आणि सहावे पोप पॉल स्वतः आले होते. पोपनं हिंदुस्थानात पाऊल ठेवायची ती पहिलीच वेळ. बा गावच्या माणसांबरोबर आगगाडीनं ओव्हल मैदानावर गेला. रात्री उशिरा परत आला. आम्ही विचारलं, "पोप कसे दिसले?" तो म्हणाला, "लांबून एक पांढरा ठिपका." मग म्हणाला, "पण प्रसादाच्या वेळी माझ्या एका अंगाला कोटटायवाला साहेब होता आणि दुसऱ्या अंगाला एक कोळीण. तिच्या अंगाला मासळीचा वास. माझ्या पायाला वाडीची माती. तिघांनी एकच खाल्लं." बानं आयुष्यात धर्मावर केलेलं हे एकच प्रवचन. आम्ही दोघं भाऊ समोर बसून ऐकत होतो. दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा.

त्याच दोघांची आता गोष्ट.

बा १९८८ साली गेला. वाडीचे दोन वाटे झाले. विहीर दादाच्या वाट्यात, पण पाणी दोघांचं. सडकेला निघायची जवळची वाट माझ्या वाट्यातून, पण वाट दोघांची. बा असता तर एवढ्यावर दोन पिढ्या सुखानं गेल्या असत्या. पण तोवर वसईत जमिनीला सोन्याचा भाव आला होता. माणसं वितीवितीचा हिशेब करू लागली होती. १९९२ च्या मे महिन्यात पंपाच्या पाळीवरून आमचं बिनसलं. त्यानं माझी पाळी दोनदा चुकवली, माझ्या पानवेली वाळल्या. निदान मी तसं धरून चाललो. मी वाटेवर पांगाऱ्याच्या मेखा ठोकल्या, बोरीची काटी आडवी बांधली आणि वाट बंद केली. त्याला सडकेवर जायला सगळी आळी फिरून जावं लागे. तो जाब विचारायला आला तेव्हा मी बोलू नये ते बोललो. "माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको. मर्तिकालापण येऊ नको."

आय माझ्याकडं राहायची. ती आत होती. तिनं ऐकलं.

त्या रविवारी मी प्रसादाला उठलो नाही.

मिस्सा तोवर मराठीत आली होती, गुडघे टेकायचा कठडा गेला होता. लोक रांगेत उभे राहून प्रसाद घेत. माझ्या बाकावरची सगळी माणसं उठून रांगेत गेली, मी गुडघे बाजूला घेऊन त्यांना वाट दिली. मला नियम पाठ होते. मनात गंभीर पाप असताना प्रसादाला हात लावायचा नाही, आधी पापनिवेदन करायचं. आणि वेदीशी आल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथंच ठेवून आधी त्याच्याशी समेट करायला जा, हेही प्रभूनंच सांगितलेलं. समेट मला करायचा नव्हता. म्हणून प्रसाद घ्यायचा नव्हता. हिशेब सरळ.

नऊ वर्षं हा हिशेब चालला. खरं सांगतो, मला त्याचा अभिमान वाटायचा. दादा दर रविवारी रांगेत दिसे. मी मनात म्हणायचो, बघा, हा भावाशी वैर धरून खुशाल प्रसाद घेतो. मी घेत नाही. मी प्रामाणिक. तो कधी पापनिवेदन करून आला, त्यानं मनातलं वैर काढून टाकलं की नाही, हे मला कुठं माहीत होतं? मला फक्त त्याची पाठ दिसायची.

या प्रामाणिकपणाची किंमत एकदाच नीट कळली. १९९४ साली थोरल्या मुलाचं पहिलं कम्युनियन झालं. त्या दिवशी पोराच्या मागोमाग आईबाप प्रसाद घेतात. बायको गेली. मी बसून राहिलो. घरी आल्यावर पोरानं विचारलं, "बाबा, तुम्ही का नाय आलात?" मी म्हटलं, "पोट बिघडलं होतं." त्याच्या पहिल्या प्रसादाच्या दिवशी मी त्याच्याशी खोटं बोललो.

२००० साली आयला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा जड झाली. चर्चला जाणं बंद झालं. आमच्याकडं आजाऱ्यांना महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरी प्रसाद आणून देतात. आधी फादर येत. मग फादरांवर भार वाढला आणि धर्मग्रामातल्या काही प्रापंचिक माणसांना शिकवून, बिशपांच्या परवानगीनं प्रसाद वाटायला नेमलं. ही पद्धत १९७३ पासून चर्चनं सगळीकडं मोकळी केलेली.

प्रसाद घरी येतो तेव्हा एक रीत असते. छोट्या मेजावर पांढरं धुतलेलं कापड, क्रूस, दोन फुलं, पेलाभर पाणी. घरधन्यानं पेटवलेली मेणबत्ती घेऊन दारात उभं राहायचं. प्रसाद आणणारा वाटेत कोणाशी बोलत नाही, कारण त्याच्या छातीशी डबीत कोण आहे हे त्याला माहीत असतं. तो दारात आला की मेणबत्तीवाल्यानं पुढं होऊन त्याला आत न्यायचं.

२००१ च्या जानेवारीतला पहिला शुक्रवार. मी मेणबत्ती धरून दारात उभा होतो. आळीच्या वळणावरून पांढऱ्या झग्यातला माणूस येताना दिसला. डोळे खाली, दोन्ही हात छातीशी. जवळ आला तेव्हा ओळख पटली. दादा.

प्रमुख धर्मगुरूंनी मुद्दाम त्याला आमची आळी दिली की त्यानं मागून घेतली, हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या क्षणी एवढंच कळत होतं की ज्याला उंबऱ्याला पाय लावू नको म्हटलं तो उंबऱ्यापाशी उभा आहे आणि माझ्या हातात पेटती मेणबत्ती आहे. दार लावायचं तर आधी मेणबत्ती फुंकावी लागली असती. ते माझ्यानं झालं नाही. मी बाजूला झालो. तो आत आला. त्याच्या पायांना आळीची धूळ लागली होती. फिरून आलेला.

आयनं त्याला बघितलं. वर्षभर बघितलं नव्हतं. चर्चमध्ये दिसायचा तेवढाच, आणि तेही बंद झालं होतं. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी उशीवर गेलं. दादानं प्रार्थना म्हटली. आवाज एकदा चिरकला, पण थांबला नाही. डबी उघडली, ओस्ती वर धरली. "ख्रिस्ताचं शरीर." आयचे ओठ हलले. आमेन.

पण तिला अख्खी गिळवेना. दादानं ओस्तीचे दोन तुकडे केले. अर्धी तिच्या जिभेवर ठेवली, चमच्यानं पाणी पाजलं. ती बराच वेळ घोळवत राहिली आणि मग गिळली. अर्धी दादाच्या बोटांत राहिली. आयनं डावा हात उचलला आणि माझ्याकडं बोट केलं.

"त्याला."

एवढाच शब्द. खोलीत बायको होती, पोरं होती. दादानं प्रथमच माझ्या तोंडाकडं बघितलं. मी मान हलवली. नाही.

त्यानं काही म्हटलं नाही. अर्धी ओस्ती डबीत ठेवली, झाकण लावलं. त्या झाकणाचा बारीक आवाज झाला. अजून ऐकू येतो. उरलेली प्रार्थना म्हणून, आयच्या कपाळावर क्रूसाची खूण करून, तो आल्या वाटेनं निघून गेला.

त्या रात्री झोप आली नाही. आयनं आयुष्यभर आम्हा दोघांना एक भाकर अर्धी-अर्धी करून दिली होती. मोठी अर्धी कोणाची यावरून आम्ही भांडायचो. आज तिनं पुन्हा तेच केलं आणि मी हात मागं घेतला. मी नऊ वर्षं समजत होतो की प्रसाद न घेऊन मी देवाचा मान राखतोय. त्या रात्री कळलं की मी फक्त कुंपण राखत होतो. नियमाचा अर्थ होता की आधी भावाकडं जा आणि मग ये. मी त्यातलं 'ये' तेवढं सोडून दिलं होतं, आणि जायचं पाऊल तर कधी उचललंच नव्हतं.

करिंथच्या मंडळीला संत पौलानं जे खडसावलं, तेही तेव्हा नव्यानं वाचलं. अयोग्य रीतीनं खाऊ नका, हे वाक्य आम्हाला लहानपणापासून धाकासारखं सांगितलेलं. पण पौल रागावला होता कशावर? प्रभूभोजनाला जमल्यावर खातीपिती माणसं आपलं आपलं आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, त्यावर. भाकर एक आणि खाणारे तुटलेले, यावर. बाला हे न वाचताच ओव्हल मैदानावर कळलं होतं.

त्या आठवड्यात पापनिवेदनाला गेलो. जाळीपलीकडं तरुण फादर होते, माझ्या पोराच्या वयापेक्षा थोडे मोठे. मी पंपापासून सुरुवात केली. त्यांनी मध्येच विचारलं, "काका, कुंपण कोणी घातलं?"

"मी."

"मग पंपाचं मला सांगू नका. पंप त्यांनी सांगायचा."

मी म्हटलं, "फादर, मनातून राग जात नाय. राग असताना कसा घेऊ?"

ते म्हणाले, "राग जाईल तेव्हा जाईल. काटी काढायला राग जायची वाट बघायला नको." प्रायश्चित्त दिलं ते हेच. आधी काटी काढायची, मग चर्चमध्ये येऊन प्रभूची प्रार्थना म्हणायची. ज्यात आपण रोजची भाकर मागतो आणि तिच्याच मागोमाग क्षमा मागतो आणि देऊ करतो, ती.

दुसऱ्या दिवशी पहाटे कोयता घेऊन गेलो. बोरीची काटी कधीच कुजून गेली होती, दर पावसाळ्यानंतर मीच नवी बांधत होतो. पण पांगाऱ्याच्या मेखांनी मूळ धरलं होतं. नऊ वर्षांत त्यांची झाडं झाली होती. काटी ओढून काढली, मधली तीन झाडं तोडली. दोन कडेची होती ती राहू दिली, वाटेच्या दोन्ही अंगांना. अजून आहेत. विहिरीवर वहिनी भांडी घासत होती. तिनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा भांडी घासू लागली. कोणी कोणाशी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पाटाला पाणी आलं. माझी पाळी नव्हती.

फेब्रुवारीचा पहिला शुक्रवार. मी मेणबत्ती घेऊन दारात उभा राहिलो, आळीच्या वळणाकडं डोळे लावून. मागून बायको हळूच म्हणाली, "तिकडून नाय. इकडून." दादा वाडीतून येत होता. दोन पांगाऱ्यांच्या मधून, पांढरा झगा केळीच्या पानांना लागू नये म्हणून थोडा आवरून धरलेला.

आयसाठी त्यानं ओस्ती मोडली. अर्धी तिच्या जिभेवर. मग तो माझ्याकडं वळला. आयला हात उचलावा लागला नाही. मी डाव्या तळव्याखाली उजवा तळवा धरला, जशी आता रीत आहे. हात थरथरत होते.

"ख्रिस्ताचं शरीर," दादा म्हणाला.

या दोन शब्दांत त्यानं ओस्तीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी आमेन म्हटलं. आमेन म्हणजे खरं आहे. काय काय खरं आहे म्हणून मी कबूल केलं, ते सगळं मला त्या वेळी कळलं होतं असं नाही. अर्धी ओस्ती टाळूला चिकटली आणि हळूहळू विरघळली. चव तीच होती. शनिवारच्या पडवीतली.

नंतर दादा खुर्चीवर बसला. बायकोनं चहा आणला. बराच वेळ कोणाला काही सुचेना. शेवटी तो म्हणाला, "पंपाचा आवाज बदललाय. एकदा बघून जा." मी म्हटलं, "संध्याकाळी येतो." नऊ वर्षांनंतरचं आमचं बोलणं ते एवढंच. राग एका दिवसात गेला नाही. पुढंही पंपावरून, नारळाच्या झावळ्यांवरून शब्द झाले. पण वाट बंद झाली नाही.

आय त्या साली पावसाळ्याच्या शेवटाला गेली. जायच्या आदल्या संध्याकाळी फादरांनी तिला अखेरचा प्रसाद दिला. लॅटिनमध्ये त्याला 'विआतिकुम' म्हणतात. वाटखर्ची, वाटेचं खाणं. आपल्या मराठीत त्याला नेमका शब्द आहे, शिदोरी. तेव्हा तिला नखाएवढा कण तेवढा गिळता आला. दादा एका अंगाला, मी दुसऱ्या अंगाला. मर्तिकाला येऊ नको म्हणालो होतो. खांदा आम्ही दोघांनी दिला.

आता कॉन्व्हेंटच्या पडवीत ओस्त्या भाजत नाहीत. यंत्रावर केलेल्या, एकसारख्या, पिशवीत बंद होऊन येतात. कातरण कोणाला मिळत नाही. यंदा नातवाचं पहिलं कम्युनियन झालं. घरी आल्यावर तो माझ्यापाशी येऊन बसला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "आजोबा, त्याला काही चवच नव्हती."

मी आजीचं सुकेळीचं सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. मग म्हटलं, "जा, तुझ्या मोठ्या आजोबांना विचार. आणि त्यांच्या डब्यात सुकेळी असेल तर घेऊन ये."

तो पांगाऱ्यांच्या मधून पळत गेला.